काटकुळ्या अंगातली साखर

त्वरितादेवीचं तलवाडा बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात. या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडतात. फडात विशीतल्या पोराला सारखी तहान लागली, तर उन्हाला दोष. अंग उतरलं, तर कष्टाला. रात्री चारदा लघवीला उठला, तर पाणीच फार प्यायला! शुगर हा पोट सुटलेल्या पन्नाशीतल्या माणसाचा आजार, हे आपलं पक्कं ठरलंय. सरकारी तपासणी मोहीमही तिशीपुढच्यांसाठीच.

या समजाला पुण्यातून तडा गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. काटकुळेपणाचा भरवसा धरू नये तो यासाठी. पुढे पुण्यातच पंचेचाळिशीच्या आत टाइप २ मधुमेहाचं निदान झालेल्यांची पाहणी झाली, तेव्हा सर्वांत मोठा गट निघाला तो इन्शुलिनच कमी बनणाऱ्यांचा.

तरुणांत म्हणूनच आकडा कळला की काम संपत नाही. उपाशीपोटी साखर १२६ वर किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.५ वर पोचली की मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करायची. रक्तातलं लोह कमी असलं तर एचबीएवनसी फसवं जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडे बायांमध्ये ती कमतरता घरोघरी.

मग प्रकार कोणता? गॅड अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांनी टाइप १ ओळखायला मदत होते. टाइप १ मध्ये इन्शुलिनचं इंजेक्शन लांबलं तर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू होतो. घरचे त्याला पित्त म्हणतात आणि मोलाचे तास जातात. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ असं नाव दिलं. दुष्काळी भागाने त्यावर लक्ष ठेवावं असं मला वाटतं.

तरुणपणी जडलेला टाइप २ पुढे कुठे नेतो? अमेरिकेत अशा मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. निदानानंतर सरासरी तेरा वर्षांनी, वय जेमतेम सव्वीस असताना, साठ टक्के जणांच्या मूत्रपिंडाला, डोळ्यांना किंवा नसांना काही ना काही इजा झालेली होती. ती मुलं लठ्ठ होती, त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण साखर लवकर चढली की इजेला वर्षंही जास्त मिळतात, हे इथेही खरंच.

टाइप २ नेमका कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे निदान झालं की लगेच डोळ्याचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं तपासायची. पडदा बिघडू लागला तरी नजर बराच काळ साफ असते. ज्याला इन्शुलिन लागतं, त्याने मुकादमाची उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, घेण्याआधी आणखी एक सोय बघावी. फडावरच्या झोपडीत, कोपीत, फ्रिज नसतो. त्याऐवजी मडक्यात मडकं, मध्ये वाळू, आणि ती रोज ओली. सुरू केलेली बाटली अशी साधारण महिनाभर चालते, उन्हात तापली तर नाही.