फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात?

पावसाळा लागला की खेड्यातल्या घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, "फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात." त्यावर घरच्यांनी उपायही शोधलेला असतो. पायात चप्पल घालून फ्रिज उघडायचा आणि पोरांना दटावून लांब ठेवायचे. शेतकरी बंधूंनो, हा उपाय नव्हे. करंट पत्र्यात उतरला आहे, एवढाच त्या झिणझिण्यांचा अर्थ. ओल्या फरशीवर अनवाणी पायाने कोणाचा हात लागला तर झिणझिण्यांवर भागेलच असे नाही.

घरात दोन दिवे अन् एक पंखा होता तेव्हाची वायरिंग अजून पुष्कळ घरांत तशीच आहे. मीटरखाली चिनी मातीची ग्रिप, तीत ५ अँपिअरची तार. तिच्यावर आता फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, घरगुती गिरणी असा सगळा संसार चालतो. एकटा २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. मग तार उडणारच! सारखी उडते म्हणून वायरीचे चार पदर पिळून बसवले जातात. त्यानंतर ग्रिप उडत नाही, पण भिंतीतली वायर तापत राहते.

ग्रिप काढून एमसीबी बसवला की जादा लोड आणि शॉर्टसर्किटचा प्रश्न मिटतो. मात्र १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी लावणे म्हणजे पुन्हा तेच पिळलेले पदर. आणि एमसीबी माणसाला वाचवत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. छातीतून ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट थोडा वेळ गेला तरी हृदय बंद पडू शकते. एवढ्याशा करंटची ना फ्यूजला दखल, ना एमसीबीला.

त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून पाहतो. फरक पडला की डोळ्याचे पाते लवण्याआधी लाईट बंद. दुकानात ३० मिलिअँपिअरचाच मागावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांतही घरगुती जोडणीसाठी हीच कमाल मर्यादा होती. १०० किंवा ३०० चा माणसासाठी उपयोगी नाही. इन्व्हर्टरवाले एसी, नवी वॉशिंग मशीन यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांतून गळणारा करंट वेगळ्या जातीचा असतो. साधा 'एसी' टाइपचा आरसीसीबी त्याला दाद देईलच असे नाही, म्हणून 'ए' टाइप घ्यावा. एमसीबी मात्र त्याच्या जोडीला हवाच. एकाचे काम दुसरा करत नाही.

आता अर्थिंग. अर्थिंग नसले तरी आरसीसीबी चालतो, पण मग कोणीतरी हात लावल्यावरच तो पडणार. अर्थिंग चांगले असेल तर बिघाड होताक्षणीच पडतो. मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत जावे. काही ठिकाणी खड्ड्याचा खर्च वाचवायला सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थ जोडून देतात. हा तर जीवघेणा प्रकार आहे. बाहेर न्यूट्रल तुटला की घरातल्या सगळ्या पत्र्यांत करंट येतो.

जुन्या वायरिंगमध्ये आरसीसीबी बसवला की तो वारंवार पडतो. "कटकट नको" म्हणत तो डायरेक्ट करून टाकायचा मोह होतो. तसे करू नये. कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल अर्थला लागला आहे, हेच तो सांगत असतो. परवानाधारक वायरमनकडून एकेक लाइन सोडवून दोष शोधून घ्यावा. आरसीसीबीवरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही पडला नाही तर बदलावा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी शाळा, अंगणवाडीचे बोर्ड एकदा उघडून पाहावेत. सुरुवात पाण्याच्या कूलरपासून करावी. तिथे पोरांचे हात ओले असतात आणि पायही.