दोन टपल सारखी कधी?

पुण्याचं ठिकाण पायथनमध्ये (१८.५२, ७३.८६) असं टपल, म्हणजे क्रमाने लावलेल्या मूल्यांचा गट, करून ठेवता येतं: आधी अक्षांश, मग रेखांश. कुणी घाईत हे आकडे उलटे लिहिले, तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं. आकडे तेच असले तरी पायथन ही दोन टपल सारखी मानत नाही, आणि ते योग्यच आहे. पहिल्याची गाठ पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी. लांबी वेगळी असेल तर प्रश्नच मिटला.

दोन टपल सारखी निघाली म्हणजे मेमरीत ती एकच वस्तू असते, असं नवशिक्यांना हमखास वाटतं. तसं नाही. ‘==’ आतला ऐवज पाहतं; वस्तू एकच आहे का, हे ‘इज’ सांगतं.

घटकांचे प्रकारही जुळावे लागतात, हा दुसरा समज. प्रत्यक्षात (१, २) आणि (१.०, २.०) सारखीच ठरतात, कारण पूर्णांक १ आणि दशांश १.० यांची बरोबरी पायथनला मान्य आहे. मात्र तेच आकडे लिस्टमध्ये घातले, तर ती लिस्ट टपलच्या बरोबरीची होत नाही. आणि (५) हे टपलच नव्हे, ती कंसातली साधी संख्या. टपल होतं ते स्वल्पविरामाने: (५,).

खरा घोळ ‘नॅन’पाशी होतो. तापमानाची एखादी नोंद हुकली की तिथे बहुधा हे ‘संख्या नाही’ असं सांगणारं मूल्य भरतात. दशांश संख्यांच्या आयईईई ७५४ या मानकानुसार नॅन स्वतःशीही बरोबर नसतं. मग नॅन असलेलं टपल कशाच्याच बरोबर नसणार, असा तर्क कुणीही करील. पण पायथन टपल तपासताना आधी दोन्ही जागी तीच वस्तू आहे का ते बघतं. असेल, तर पुढे विचारतच नाही. त्यामुळे ‘क’मध्ये नॅन असताना क == क खोटं, पण (क,) == (क,) खरं! हीच हुकलेली नोंद फाइलमधून दोनदा वाचली, की सहसा दोन वेगळी नॅन तयार होतात आणि टपलही वेगळी ठरतात. दुबार नोंदी गाळणाऱ्याने हे आधीच ओळखून असावं.

घटकांना दिलेल्या नावांचा भरवसा तर मुळीच धरू नये. पायथनच्या नेम्डटपलमध्ये लांबी-रुंदी ५, ३ आणि वजन-वय ५, ३ ही बिनदिक्कत सारखी ठरतात. २०१८च्या सी शार्प ७.३मध्ये टपलसाठी ‘==’ आलं, तेही नावं बघत नाही. पायथनमध्ये हा फरक टिकवायचा, तर डेटाक्लास घ्यावा. दोन वेगळ्या डेटाक्लासच्या वस्तू, आतले आकडे तेच असले तरी, तो बरोबर मानत नाही.