सूक्ष्मनियंत्रक आणि संगणक यांतील स्वस्त दुवा

सूक्ष्मनियंत्रक हा एकाच चिपमध्ये सामावलेला छोटासा संगणक होय. घरच्या घरी तापमापक किंवा झाडांना वेळेवर पाणी घालणारे यंत्र बनविणाऱ्या हौशी माणसाला तो अल्प किमतीत मिळतो. परंतु त्याला ना पडदा असतो, ना कळफलक. त्याच्या नोंदी वाचावयाच्या असतील, तर मोठ्या संगणकाशी त्याची गाठ घालून द्यावी लागते. हे काम थोड्या पैशांत साधते. मात्र काळ आणि विद्युत्‌दाब या दोन बाबतींत दोघांचे एकमत व्हावे लागते.

प्रथम काळाचा विचार करू. सर्वांत साध्या जोडणीत तीनच तारा असतात : एक पाठविण्याची, एक घेण्याची आणि एक सामाईक भूतार. एकाची पाठविण्याची तार दुसऱ्याच्या घेण्याच्या टोकाला जोडतात. प्रत्येक अक्षराचे आठ बिट एकामागून एक जातात. त्यांच्या आधी एक प्रारंभ-बिट आणि शेवटी एक विराम-बिट असतो. सेकंदाला ९,६०० बिट हा वेग ठेवला, तर ९६० अक्षरे जातात आणि प्रत्येक बिटाच्या वाट्याला सुमारे १०४ मायक्रोसेकंद येतात. घड्याळासाठी वेगळी तार नसल्यामुळे प्रत्येक जण स्वतःच्या घड्याळाने वेळ मोजतो. या घड्याळांत शेकडा पाचांच्या आसपास फरक पडला, की शेवटचे बिट चुकीचे वाचले जाऊ लागतात. म्हणूनच स्फटिकावर होणारा किरकोळ खर्च वाया जात नाही.

दुसरी बाब विद्युत्‌दाबाची. खरा धोका येथेच आहे. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक निघाले. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे शून्य. सूक्ष्मनियंत्रकाला मात्र शून्य आणि ५, किंवा शून्य आणि ३.३ व्होल्ट एवढेच समजते. दोघांना सरळ जोडले, तर अर्थ उलटा होतो आणि चिप जळण्याचीही भीती असते. १९८७ मध्ये आलेली मॅक्स-२३२ ही चिप चार धारित्रांच्या साहाय्याने ५ व्होल्टांपासून आवश्यक ते धन व ऋण दाब स्वतःच निर्माण करते. याहून काटकसरीचा मार्ग म्हणजे एक-दोन ट्रान्झिस्टर व काही रोधक वापरून संकेत उलटा करणे, आणि ऋण दाब संगणकाच्याच तारेतून उसना घेणे.

१९९६ मध्ये यूएसबी आले आणि पुढे घरगुती संगणकांवरील नऊ खिळ्यांचे जुने द्वार हळूहळू नाहीसे झाले. आता तीन वाटा उरतात. पहिली, एफटी-२३२ किंवा सीएच-३४० यांसारखी रूपांतरक चिप वापरण्याची. दुसरी, ‘व्ही-यूएसबी’ या आज्ञावलीची. येथे वेगळ्या चिपची गरजच नसते. काही रोधक आणि दोन झेनर डायोड पुरतात. परंतु सेकंदाला पंधरा लाख बिट येत असता, १२ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या नियंत्रकाला प्रत्येक बिटासाठी घड्याळाचे आठच ठोके मिळतात. ती देवाणघेवाण चालू असेपर्यंत त्याला दुसरे काही करता येत नाही. पैसा वाचतो, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. तिसरी वाट म्हणजे ज्यात यूएसबी मुळातच अंतर्भूत आहे असा नियंत्रक घेणे. २०२१ मध्ये चार डॉलरला विक्रीस आलेली रास्पबेरी पाय पिको ही पट्टी याच प्रकारची.

नवशिक्याने बहुधा पहिली किंवा तिसरी वाट धरावी. मात्र रूपांतरक ५ व्होल्टांचा आणि नियंत्रक ३.३ व्होल्टांचा असेल, तर नियंत्रकाकडे येणाऱ्या तारेवर १ आणि २ किलोओहमच्या रोधकांचा विभाजक बसवावा. दाब सुमारे ३.३ व्होल्टांवर येतो. तारा जोडण्यापूर्वी व्होल्टमापकाने एकदा दाब पाहून घ्यावा. काही पैशांचे रोधक जे वाचवितात, ते बाजारातून पुन्हा विकत आणणे बरेच महाग पडते.