सूरजागडच्या दगडातला समुद्र

शाळेच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मागून घ्या आणि परीक्षानळीत पाण्यात विरघळवा. फिकट हिरवट द्राव तयार होईल. नळी उघडीच ठेवून काही दिवसांनी पाहा. द्राव पिवळसर-तपकिरी झालेला असेल आणि तळाशी गंजाच्या रंगाचा साका दिसू लागेल. हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे विरघळलेले लोह आता पाण्यात राहू शकत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात (१९८२ पूर्वी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता) एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे डोंगर मुळात अशाच साक्याचे आहेत. नळीच्या जागी समुद्र होता, एवढेच!

येथील पट्टेदार खडक हातात घेतला, की हेमॅटाइटचे काळसर-तांबडे आणि गारगोटीचे फिकट थर एकाआड एक दिसतात. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात बैलाडिला येथेही असाच खडक आहे. जगातील अशा बहुतेक खडकांचे वय १८० ते ३८० कोटी वर्षांच्या दरम्यान भरते. त्या काळाच्या बऱ्याच भागात हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. म्हणून समुद्राला एवढे लोह पोटात बाळगता आले. आजच्या खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सहसा मिलिग्रॅमचा दहाहजारावा हिस्साही लोह नसते.

पण हे लोह समुद्रात आले कोठून?

समुद्राला क्षार पुरवणारे मोठे मार्ग दोन. पहिला आपल्या परिचयाचा : पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते सौम्य आम्ल खडकांचे विदारण करते आणि सुटलेले कॅल्शियम, सोडियम, सिलिका नद्या वाहून नेतात. दुसरा मार्ग सागरतळाशी आहे. भूपट्ट जेथे एकमेकांपासून दूर सरकतात, तेथे भेगांत शिरलेले पाणी तापते, आपले मॅग्नेशियम खडकाला देते आणि बदल्यात लोह व मँगनीज घेऊन वर येते. असे उष्ण झरे प्रथम १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ पाहण्यात आले. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपासचे, काळ्या धुरासारखे पाणी ओकणारे झरे सापडले.

साक्षीदार आहे युरोपियम, एक विरल मृत्तिका मूलद्रव्य. अतितप्त पाणी बेसाल्टमधून त्याच्या भावंडांपेक्षा युरोपियम अधिक उचलते. फार प्राचीन पट्टेदार लोहखडकांत हे आधिक्य ठळक आढळते, म्हणजे झऱ्यांकडे बोट जाते. मात्र खटला निकाली निघालेला नाही. ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली येथील खडकांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोहाचा मोठा वाटा जमिनीवरून, सूक्ष्मजीवांच्या मदतीने, आला असावा असे दिसले. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू असणे मला तरी अधिक संभवनीय वाटते.

पुढे भूकवचाच्या हालचालींनी हा तळ वर उचलला गेला, घड्या पडल्या, आणि विदारणाने दुसरा डाव मांडला. पट्टेदार खडकात लोह साधारण एक-तृतीयांश असते. झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका धुऊन नेली, तेथे ते ६० टक्क्यांच्या पुढे गेले. खाणीला हवे ते हेच समृद्ध धातुक. पण ज्या धुण्याने ते घडले त्यानेच त्यातले पट्टे पुसट केले. समुद्राची नोंद वाचायची तर न धुतलेला, गरीब दगडच लागतो. २०१६ पासून येथे खाणकाम सुरू आहे. थर एकदा फुटले की कोणता वर होता आणि कोणता खाली, हे सांगता येत नाही. म्हणून नमुने क्रमवार मोजून, खुणा करून आधीच घ्यावे लागतात.

पावसाळ्यात या डोंगरांवरून उतरणारे पाणी अखेर गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरात जाते. त्यात विरघळलेली सिलिका आजही असते.