पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ

१९७६ साली अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘किम-१’ नावाचा संगणक २४५ डॉलरला विकायला काढला. त्याला ना पडदा होता, ना पेटी. एका उघड्या सर्किट बोर्डावर २३ बटणांचा कीपॅड आणि कॅल्क्युलेटरसारखे लाल अंक दाखवणारी सहा घरे, एवढेच त्याचे रूप. वीजपुरवठ्याची सोयही घेणाऱ्यानेच करायची. मेमरी जेमतेम १ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला त्याच्या हजारपटीहून अधिक जागा लागते.

बोर्डाचा मेंदू म्हणजे ६५०२ ही चिप. मोटोरोला सोडून आलेले चक पेडल आणि त्यांचे सहकारी यांनी ती घडवली आणि १९७५ साली ती अवघ्या २५ डॉलरला बाजारात आली. स्पर्धकांच्या चिप तेव्हा कितीतरी महाग होत्या. ही नवी चिप अभियंत्यांना हाताळून पाहता यावी, म्हणून किम-१ तयार झाला. प्रत्यक्षात तो घरी प्रयोग करणाऱ्या हौशी लोकांनीही उचलून धरला.

याचे एक कारण बोर्डासोबत येणाऱ्या कागदपत्रांत होते. सोबत तीन पुस्तिका आणि जोडणीचा मोठा तक्ता मिळे. यंत्रात कायमचा भरलेला प्रोग्रामही पुस्तिकेत ओळीनिशी छापलेला होता. काहीच झाकलेले नव्हते. कीपॅडजवळ एक छोटा स्विच होता. तो सरकवला की संगणक एका वेळी एकच आज्ञा पाळून थांबे. मग मेमरीत काय बदलले, हे अंकांत वाचता येई. प्रोग्राम एकेक आकडा दाबून भरायचा आणि साध्या कॅसेट रेकॉर्डरवर साठवायचा. एक आकडा चुकला की सगळेच अडे. मग पावलापावलाने चूक शोधायची.

शोधलेले आपल्यापाशीच ठेवायचे नाही, ही या मंडळींची रीत. १९७६ पासून एरिक रेन्की यांनी किम वापरणाऱ्यांसाठी पत्रिका काढली. पुढे जिम बटरफील्ड आणि स्टॅन ऑकर्स यांच्यासह त्यांनी ‘द फर्स्ट बुक ऑफ किम’ हे पुस्तक केले. त्यातील खेळ आणि प्रोग्राम वाचून कोणीही आपल्या बोर्डावर चालवू शके. कॅनडात पीटर जेनिंग्ज यांनी तर तेवढ्याशा मेमरीत बुद्धिबळाचा खेळ बसवला.

हौशी लोकांच्या या बोर्डाचा आरोग्याशी संबंध काय? याच सुमारास संगणक रुग्णालयांच्या यंत्रांत शिरत होता आणि तिथे त्याचे अंतरंग वापरणाऱ्यापुढे असे उघडे नव्हते.

कॅनडात बनलेले ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र त्याचे उदाहरण. आधीच्या यंत्रांत धोका टाळण्यासाठी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर होते. यात ते काम मुख्यतः सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टाइप केला आणि झटकन दुरुस्त केला. यंत्र थांबले. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले आणि मात्रा कमी गेल्याचे दिसले. मॅन्युअलमध्ये त्या आकड्याचा उलगडा नव्हता. किरकोळ कारणांनी यंत्र थांबणे नेहमीचेच होते, म्हणून ऑपरेटरने ‘पुढे चालू’चे बटण दाबले. प्रत्यक्षात रुग्णाला ठरलेल्या मात्रेच्या जवळपास शंभरपट किरणे लागली होती. पाच महिन्यांनी तो दगावला. तीन आठवड्यांत त्याच यंत्रावर तोच प्रकार दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडला. १९८५ ते १९८७ या काळात या प्रकारच्या यंत्रांवर असे सहा अपघात झाले आणि किमान तिघांचा बळी गेला.

टायलर येथील दोष कसा सापडला, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी ऑपरेटरला सोबत घेऊन तीच बटणे त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. दुरुस्ती फार वेगाने केली की ५४ हा आकडा येतो, हे त्यांना उमगले. त्यांच्या हाती प्रोग्राम नव्हता, पण किमवाल्या हौशींप्रमाणेच एकेक पायरी तपासण्याची चिकाटी होती. यंत्र मात्र आतले काही दाखवत नव्हते, म्हणून तोपर्यंत मोठी किंमत मोजावी लागली होती.

आज अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर, सलाइनचे पंप, डायलिसिसची यंत्रे यांवर असे आकडे आणि अलार्म सतत येतात. सारखा वाजणारा अलार्म कानाला सवयीचा होतो आणि हात आपोआप तो बंद करायला जातो. अनेकदा मॅन्युअल कपाटात कुलूपबंद असते. यावर उपाय खर्चिक नाहीत. महत्त्वाच्या आकड्यांचा अर्थ सांगणारा कागद यंत्रालाच लटकवावा. न कळणारा आकडा आला तर आधी रुग्णाकडे पाहावे, त्याला सुरक्षित करावे. मग आकडा, वेळ आणि त्याआधी कोणती बटणे दाबली हे लिहून ठेवावे. अर्थ कळल्याशिवाय ‘पुढे चालू’ दाबू नये. वहीतली अशी एखादी नोंद पुढच्या रुग्णाला वाचवू शकते.

आणि नातेवाइकांनीही, परिचारिका यंत्रापाशी थांबून आकडा टिपून घेताना दिसली, तर त्याला दिरंगाई समजू नये. त्या वेळी तीही उपचारच करत असते.