वेगाचे गुण आणि दोष

इ. स. १९९१ मध्ये जपानमधील सेगा या कंपनीने ‘सॉनिक द हेजहॉग’ हा व्हिडिओ खेळ प्रसिद्ध केला. हेजहॉग म्हणजे पाठीवर काटे असलेला एक लहानसा प्राणी. त्याला निळा रंग व विलक्षण चपळता देऊन या खेळाचा नायक बनविले आहे. त्याचे रूप नाओतो ओशिमा यांनी रेखाटले, खेळाची आज्ञावली युजी नाका यांनी लिहिली आणि मार्गांची आखणी हिरोकाझु यासुहारा यांनी केली.

या खेळातील वेग आयता मिळत नाही, तो कमवावा लागतो. उतारावर नायकाची गती वाढते, चढावर ती मंदावते. पुरेसा वेग साधला, तरच तो वर्तुळाकार वाट पार करतो. वाटेत सोन्याची कडी मिळतात. जवळ एक जरी कडे असले, तरी शत्रूच्या धडकेने नायकाचे प्राण जात नाहीत. कडी मात्र विखुरतात. चुकणाऱ्याला सावरण्याची संधी देणारी ही योजना खरोखर उत्तम होय.

तथापि, पडद्यावर पुढची वाट थोडीच दिसते. त्यामुळे भरधाव धावणारा नायक अकस्मात काट्यांवर आदळतो. अशा वेळी सावधपणापेक्षा पाठांतरच उपयोगी पडते. पुढे पाण्याखालील भुयारांत तर त्याची चाल फारच मंदावते व खेळाचा मूळ गुणच हरपतो.

वेग हा गुण खरा. परंतु दृष्टी जेथवर पोहोचते, तेथवरच तो गुण राहतो.