कांस्यमूर्ती आणि तिचे ओतारी

विहारातील पंचधातूच्या बुद्धमूर्तीपुढे आपण नेहमी नतमस्तक होतो. मूर्ती कोणी दान दिली हे आपणास ठाऊक असते. परंतु ती कोणत्या हातांनी व कशी घडविली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. कलाशाळेत शिल्पकला शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तरी तो अवश्य विचारावा. म्हणून या विद्येची थोडक्यात ओळख येथे करून देत आहोत.

तांबे व कथील यांच्या मिश्रणास कांस्य म्हणतात. मेणाचा नमुना करून धातू ओतण्याची रीत भारतीय उपखंडात किमान साडेचार हजार वर्षे चालत आली आहे. मोहेंजोदडोची प्रसिद्ध नर्तिका याच रीतीने ओतलेली आहे. 1861 साली बिहारमधील सुलतानगंज येथे रेल्वेच्या कामात तांब्याची बुद्धमूर्ती सापडली. ती सव्वादोन मीटरहून उंच व सुमारे अर्धा टन वजनाची असून आज इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे, 1974 साली एका भिल्ल बांधवास खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार प्राचीन धातुशिल्पे मिळाली. त्यांचे एकूण वजन साठ किलोहून अधिक आहे.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही रीत ‘मधूच्छिष्ट विधान’ या नावाने येते. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. तामिळनाडूतील स्वामीमलै येथे आजही याच पद्धतीने मूर्ती होतात. प्रथम मधमाश्यांचे मेण व राळ एकत्र करून त्याची हुबेहूब मूर्ती घडवितात. तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचा पातळ लेप देतात. हा लेप बोटांची नखे आणि चिवराच्या चुण्यासुद्धा टिपून घेतो. तो सावलीत वाळल्यावर जाड मातीचे थर चढवून तारेने आवळतात. मग साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात मुशीतील रसरशीत धातू ओततात. तो निवाल्यावर साचा फोडून मूर्ती बाहेर काढतात व कानस आणि छिन्नीने तिचे काम पुरे करतात. साचा फुटलेला असल्याने दुसऱ्या मूर्तीसाठी पुन्हा मेणापासून सुरुवात करावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, ही कृती पुस्तकात वाचून पाठ होईल, परंतु हाती येणार नाही. कांस्य मेणापेक्षा सुमारे नऊ पट जड असते; म्हणून मेण आधी तोलून धातूचा अंदाज बांधावा लागतो. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होऊन तप्त धातू बाहेर उसळतो व जिवावर बेतते. हवा निघून जाण्यास वाट ठेवली नाही तर मूर्तीत पोकळ जागा राहतात. साचा कोरडा झाला की नाही, धातू ओतण्याजोगा झाला की नाही, हे जुना ओतारी साच्याच्या रंगावरून आणि ज्वाळेकडे पाहून ओळखतो. ही नजर भट्टीपाशी त्याच्याजवळ बसूनच मिळते.

मीरा मुखर्जी (1923–1998) यांनी नेमके हेच केले. जर्मनीतील म्युनिक येथे शिल्पकलेचे शिक्षण घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि बस्तरच्या घडवा कारागिरांकडे शिष्या म्हणून गेल्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून मूर्ती ओतण्याची त्यांची रीत मीराबाईंनी शिकून घेतली. पुढे 1972 साली त्यांनी ‘कलिंगातील अशोक’ हे भव्य कांस्यशिल्प घडविले. युद्धाच्या संहाराने हेलावलेला सम्राट त्यात उभा आहे. विदेशी पदवी असूनही त्यांना कारागिराच्या हाताखाली बसण्यात कमीपणा वाटला नाही.

यात आपण सर्वांनी घेण्यासारखा धडा आहे. बिहारमधील कुर्किहार येथे 1930 साली दोनशेहून अधिक कांस्यवस्तू सापडल्या. त्यांतील अनेकींवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. ज्यांनी भट्टीची धग सोसली, त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. हाताने काम करणाऱ्यास हलके लेखणाऱ्या समाजरचनेत त्याची विद्याही ‘विद्या’ म्हणून गणली गेली नाही. ही उपेक्षा काय असते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

म्हणून कलाशाळेतील विद्यार्थ्याने सुट्टीत एखाद्या ओताऱ्याकडे जावे, त्याला गुरू मानावे, भाता ओढावा, माती मळावी आणि त्याने सांगितलेले वहीत लिहून ठेवावे; त्याच वहीत त्याचे नावही लिहावे. विहारासाठी नवी मूर्ती घेताना संस्थांनीही दात्याच्या नावाशेजारी ओताऱ्याचे नाव कोरून घ्यावे. त्यासाठी लागणारी जागा अर्ध्या ओळीची आहे. पण ती शतकांची उणीव भरून काढील.